मास्तरांची जपानी गिटार: कामाच्या नोंदी

२६ सप्टेंबर २०२४, गुरुवार. वडसा

सीझन तोंडावर आलाय. दुकानात पाय ठेवायला जागा नाही. नाटक कंपन्यांचे मिक्सर, जळालेले अँप्लिफायर, माइकच्या तुटक्या वायरींचे भारे पडलेत. झाडीपट्टीची, म्हणजे आमच्या पूर्व विदर्भातली, नाटकं भाऊबीजेनंतर मंडईसोबत, म्हणजे गावच्या जत्रेसोबत, सुरू होतात ती होळीपर्यंत चालतात आणि सगळ्यांना सामान एकाच आठवड्यात हवं असतं.

अशा गर्दीत दुपारी मास्तर आले. अर्जुनी मोरगावकडच्या त्यांच्या गावावरून बसनं, काखेत जुन्या लुगड्यात गुंडाळलेली गिटार. टेबलावरचा मिक्सर खाली ठेवून जागा केली.

‘‘या मंडईले वाजली पायजे बापू. गावचं नाटक आहे. पोरं म्हनतात, नांदी मास्तर वाजवतील.’’

ही गिटार मी पाच-सहा वर्षांचा असताना पाहिली आहे. वडील खांद्यावर बसवून नाटकाला न्यायचे. रंगमंचाच्या कडेला ऑर्गन, तबला, क्लॅरिनेट आणि त्यांच्या बाजूला लोखंडी खुर्चीवर लाल गिटार घेऊन बसलेले मास्तर. दहाला पडदा उघडायचा, पहाटे कोंबडा आरवायचा तेव्हा शेवटचा अंक चालू असायचा. मी नाटकापेक्षा त्या गिटारीतून निघून डब्यातून बाहेर पडणाऱ्या आवाजाकडे बघत बसायचो. आज मी हे दुकान चालवतो त्याचं मूळ तिथं आहे.

आसपासच्या पंचवीस गावांत तिचं एकच नाव: जपान गिटार. मास्तरही तेच सांगतात. ‘‘जपानी आहे गा ते. त्याच्यावर लिहूनच होतं.’’

आता काहीच लिहिलेलं दिसत नाही. माथ्यावर, म्हणजे खुंट्या असतात त्या भागावर, काळा ऑइलपेंट आणि त्यावर गुलाबी कमळ. १९९८ मध्ये एका कंपनीचे पडदे रंगवणाऱ्या पेंटरनं काढून दिलं.

तक्रार अशी: आवाज येतो-जातो, घूं करून गुणगुणते, मधला पिकअप, म्हणजे तारांखालचं आवाज टिपणारं वेटोळं, पूर्ण बंद. पिकअप तीन. ट्रेमोलोचा, म्हणजे तारा ढिल्या-ताठ करून सूर डोलवायचा, दांडा आहे पण स्प्रिंग गंजलेली.

२७ सप्टेंबर

मास्तरांच्या पुतण्याचा नागपूरहून फोन. त्यानं गिटारीचा फोटो टाकून ‘जपानी विंटेज’ म्हणून विकायला काढली आहे आणि एक गिऱ्हाईक चांगली किंमत द्यायला तयार आहे. मास्तरांना हे ठाऊक आहे का, विचारलं. ‘‘सांगीन ना भाऊ, आधी पक्की तर होऊ द्या.’’ त्याला कंपनीचं नाव आणि साल हवंय.

मलाही हवंय, पण वेगळ्या कारणासाठी. आतली जोडणी कशी आहे ते कळल्याशिवाय मी डाग, म्हणजे सोल्डर, लावणार नाही. कोणत्या कारखान्याची आहे ते समजलं, तर कुठली गोष्ट मूळची आणि कुठली मागाहून कोणी घुसवलेली, हे सांगता येतं. जुन्या वस्तूच्या दुरुस्तीत निम्मी नासाडी हे न पाहिल्यामुळे होते.

३० सप्टेंबर, सोमवार

रात्री दुकान बंद करून दोन तास फक्त मोजमाप. काहीही उघडलं नाही.

शेजारच्या किराणा दुकानाच्या काट्यावर वजन: ४ किलो ३५० ग्रॅम. जड आहे. मास्तरांनी ही रात्र रात्र गळ्यात अडकवली असती तर खांदा राहिला नसता. म्हणून ते खुर्चीवर बसून वाजवत.

वरच्या टोकाला, तारा जिथून पडद्यांवर, म्हणजे मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्यांवर, येतात, तिथं नेहमीच्या खाचांच्या पट्टीला लागून एक जादा पडदा आहे. तारा त्याच्यावर टेकतात; खाचा फक्त त्यांना अंतरावर धरून ठेवतात. याला शून्य पडदा म्हणतात. मोकळी तार आणि दाबलेली तार, दोन्ही धातूवर टेकत असल्यानं आवाजाचा पोत सारखा राहतो. युरोपातल्या बऱ्याच कारखान्यांची ही सवय होती, जपानी गिटारींतही पुष्कळदा दिसतो. यावरून काही ठरत नाही.

तारेची लांबी ब्रिजपर्यंत, म्हणजे तारा खालच्या टोकाला टेकतात तिथपर्यंत, मोजू नये, कारण ब्रिज मागे-पुढे सरकवलेला असतो. शून्य पडद्यापासून बाराव्या पडद्यापर्यंत मोजायचं आणि दुप्पट करायचं. पोलादी पट्टीनं चार वेळा मोजलं. चारही वेळा ३२५ मिलिमीटर, म्हणजे ६५०. फेंडर या अमेरिकन कंपनीची लांबी साडेपंचवीस इंच, म्हणजे ६४८ च्या आत. दुसरी अमेरिकन कंपनी गिब्सन, तिची ६२८ च्या आसपास. इथं सरळ साडेसहाशे. इंचात विचार करणारा माणूस या आकड्यावर येत नाही. ज्यानं ही आखली त्याच्या ड्रॉइंग बोर्डावर मिलिमीटरची पट्टी होती.

स्क्रू सगळे मायनस. एकही प्लस नाही. मी पाहिलेल्या जपानी वस्तूंत, रेडिओपासून शिलाई मशीनच्या मोटरीपर्यंत, १९६० नंतर प्लस स्क्रू भरपूर असतात. इथं खटकलं.

आणि सॉकेट. मास्तरांची वायर पाहिली तेव्हा वाटलं की कोणी टेप रेकॉर्डरचं सॉकेट बसवून दिलं असेल, कारण ते पाच पिनचं डिन, म्हणजे गोल सॉकेट, आहे. आपल्याकडे जुन्या टेप रेकॉर्डरला असायचं तेच. पण भोवतीचं प्लास्टिक पाहिलं तर कापल्याची, घासल्याची एकही खूण नाही. भोक साच्यातूनच तेवढं आलेलं. म्हणजे कारखान्यातूनच पाच पिन. अमेरिकन नाही, जपानीही नाही. कोलकात्याच्या गिवसनसारख्या आपल्या गिटारींना साधा पाव इंची जॅक असतो.

४ ऑक्टोबर, शुक्रवार

नवरात्र सुरू. दिवसभर मंडळांचे साउंड.

संध्याकाळी चूक केली. कमळाच्या कोपऱ्याखाली काय आहे ते पाहायला कापसाला थिनर लावून माथ्याच्या डाव्या कडेला दोन बोटं रुंदीचा काळा रंग पुसला. रंग निघाला, पण त्याच्या खालचं अक्षरही अर्धं विरघळलं. एका तिरप्या रेघेची शेपटी राहिली, वरचा भाग गेला. चाळीस वर्षं टिकलेली गोष्ट मी अर्ध्या मिनिटात घालवली. मास्तरांना उद्या फोन करून सांगेन.

इथून पुढे रसायन नाही.

मग जे आधीच करायला हवं होतं ते केलं. दुकानातले दिवे बंद केले, बॅटरी माथ्याला जवळजवळ चिकटवून आडवी धरली आणि उजेड रंगावरून घसरत नेला. ऑइलपेंटखाली अक्षरांचा उठाव दिसतो. कमळाच्या पाकळ्यांतून आरपार जातो. डावीकडचं मी घालवलेलं. त्याच्यापुढे इंग्रजी पी, मग ए, मग एन. शेवटचं अक्षर एनसारखंच, पण वरून गोल नाही, निमुळतं. झोपडीच्या छपरासारखं.

घालवलेल्या अक्षराची शेपटी इंग्रजी वायची असू शकते. वाय, पी, ए, एन. यपान.

‘लिहूनच होतं’ ते हे. कोण्या शिकलेल्या पोरानं यपान वाचलं असणार आणि गावानं त्याचं जपान केलं.

५ ऑक्टोबर

मास्तरांना सांगितलं. थोडा वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, ‘‘कमळ तर आहे ना?’’ आहे. ‘‘मंग राहू दे. त्या पेंटरनं पैसे घेतले नोहते.’’

कमळ काढायचं नाही, हे ठरलं. कारखान्याचं नाव जितकं या गिटारीचं, तितकंच ते कमळही.

९ ऑक्टोबर, बुधवार

आज उघडली. पुढची प्लास्टिकची पाटी सोडवण्याआधी प्रत्येक स्क्रूची जागा पुठ्ठ्यावर काढून त्या त्या भोकात खोचला. जुने लाकडी स्क्रू आपापल्या भोकात घासून बसलेले असतात; अदलाबदल झाली की पकड जाते.

आत धूळ, एक वाळलेली गांधीलमाशी आणि भाताचं एक फोलपट. ते फोलपट मी परत आत ठेवणार आहे.

जोडणी स्वच्छ आहे. डाग कारखान्याचे, एका हाताचे, चमक गेलेली पण गोळा नेटका. फक्त एका ठिकाणी लाल वायर आपल्याकडची, कोणीतरी मागाहून जोडलेली.

धातूच्या डबीसारखा एक कंडेन्सर आहे. त्यावर बारीक छाप. भिंग लावून वाचलं: एम, बी, एम. खाली शून्य, मग स्वल्पविराम, मग शून्य पाच. त्याखाली १६० आणि पुढे इंग्रजी बी.

इथं मी वीस मिनिटं थांबलो. दोन गोष्टी. पहिली, दशांश चिन्ह टिंब नाही, स्वल्पविराम आहे; तो युरोपात लिहितात. दुसरी, १६० बी म्हणजे काय? कंडेन्सरवर तीनच आकडे महत्त्वाचे असतात: किती मायक्रोफॅरड, किती टक्के फरक आणि किती व्होल्ट झेपतो. मायक्रोफॅरड वर आला. टक्क्यांचं चिन्ह वेगळं आहे. मग १६० हे व्होल्टच असणार, आणि त्यापुढचं अक्षर व्ही असायला हवं. इथं बी आहे.

म्हणजे या लिपीत जे बीसारखं दिसतं त्याचा उच्चार व आहे.

मी सुरतेत दोन वर्षं होतो. सुरुवातीला गुजराती पाट्या आपल्या अक्षरांच्या आधारानं वाचायचो. दहातली सात अक्षरं बरोबर लागायची आणि उरलेली तीन फसवायची. ओळखीचं दिसणारं अक्षर जास्त फसवतं, कारण त्याच्यावर शंका येत नाही. माथ्यावरच्या ‘यपान’बाबत आम्ही सगळे असेच चाळीस वर्षं फसलोय, हे तिथं टेबलावर लक्षात आलं.

लिपी रशियन असणार. पण माझ्या वाटण्याला पुरावा हवा.

१३ ऑक्टोबर, रविवार

दसरा काल झाला. सकाळी आमच्या हायस्कूलच्या निवृत्त विज्ञान शिक्षकांकडे सोनं द्यायला गेलो आणि काम सांगितलं. सरांनी आतून एक जाड पुस्तक आणलं: मॉस्कोच्या मीर प्रकाशनाचं, इंग्रजीतलं, भौतिकशास्त्राच्या गणितांचं. ही पुस्तकं एके काळी इथल्या कॉलेजच्या पोरांना अगदी स्वस्तात मिळायची. सरांनी बीएस्सीला घेतलेलं, पाठीवर पिवळी चिकटपट्टी.

पुस्तक इंग्रजी असलं तरी सुरुवातीच्या पानाच्या तळाशी रशियन भाषेत एक ओळ असते. सर म्हणाले, ‘‘तिचा अर्थ ‘इंग्रजी भाषेत’ असा. आम्हाला तेव्हा कोणी सांगितलं होतं, म्हणून लक्षात आहे.’’ आणि प्रकाशनाचं नाव रशियनमध्ये छापलेलं, तीन अक्षरं: मीर.

मीरमधलं शेवटचं अक्षर र. छापलेलं इंग्रजी पीसारखं.

त्या ओळीत ‘आंग्लिस्कम’सारखा शब्द आहे. त्यात ल कुठं येईल ते बोटानं मोजलं. तिथं छपरासारखं अक्षर. माझ्या माथ्यावरचं शेवटचं अक्षर.

सर आणि मी, दोघं दिवाणावर पुस्तक ठेवून त्यावर वाकलेलो, चहा गार झाला. वायसारखं दिसणारं पहिलं अक्षर त्या पानावर सापडेना. पण बाकी तीन लागली: र, अ, ल. सरांनी मोठ्यानं म्हटलं, ‘‘काहीतरी-र-ल. उरल!’’

उरल. आशिया आणि युरोपच्या सीमेवरचा पर्वत. सातवीच्या भूगोलात नकाशावर भरलेला.

घरी येऊन मोबाइलवर रशियन मुळाक्षरं पाहिली. वायसारखं दिसतं ते उ. बी म्हणजे व.

१४ ऑक्टोबर

नाव कळल्यावर बाकी भराभर लागलं. सोव्हिएत काळात स्वेर्दलोव्स्क शहरात वाद्यांचा ‘उरल’ कारखाना होता आणि तिथं ‘उरल ६५०’ नावाची इलेक्ट्रिक गिटार बनायची. ६५० म्हणजे तारेची लांबी, मिलिमीटरमध्ये. मी ३० तारखेला जो आकडा मोजला तोच तिच्या नावात आहे. तीन पिकअप, ट्रेमोलो, शून्य पडदा, पाच पिनचं सॉकेट, आणि वाजवणाऱ्यांची वजनाबद्दलची तक्रार, सगळं जुळतं. ते शहर म्हणजे आजचं येकातेरिनबुर्ग; १९९१ मध्ये जुनं नाव परत मिळालं.

तरी दुसऱ्या सोव्हिएत गिटारी तपासल्या, नाहीतर पुन्हा एकदा ‘जपान’ व्हायचं. लेनिनग्राडला सुरू झालेली तोनिका हिच्याआधीची. तिचा घाट इतका चमत्कारिक आहे की एकदा पाहिला की विसरत नाही. हिचा तसा नाही. रोस्तोव्हची आएलिता दिसायला वेगळी. शिवाय माथ्यावर नावच आहे.

साल. कंडेन्सरवर रोमन आकड्यात ९ आणि पुढे ७६. जुन्या सोव्हिएत सुट्या भागांवर महिना असा रोमनमध्ये छापत. म्हणजे सप्टेंबर १९७६. एका पोटेन्शिओमीटरवर, म्हणजे आवाजाच्या बटणाखालच्या भागावर, ७७ आहे. सुटा भाग बनतो तेव्हा गिटार बनत नाही. तो पेटीत पडून राहू शकतो. म्हणून सगळ्यांत उशिराचा भाग धरायचा आणि म्हणायचं की गिटार त्याच्या आधीची नाही. १९७७ किंवा त्यानंतरची. याहून नेमकं मी लिहून देणार नाही, पुतण्यानं कितीही विचारलं तरी.

१७ ऑक्टोबर, गुरुवार

मास्तरांच्या गावी गेलो. धान पिवळं पडत आलंय, हलक्या धानाची कापणी काही बांध्यांत सुरू झालीय. मास्तर पडवीत. काकूंनी चहा आणि चिवडा दिला.

सांगितलं: जपानी नाही. रशियन आहे.

मास्तर बराच वेळ अंगणाकडे पाहत राहिले. मग म्हणाले, ‘‘म्हनूनच.’’

‘‘काय म्हणूनच, मास्तर?’’

‘‘भिलाईवरून आनली होती ना गा.’’

हे त्यांनी इतक्या वर्षांत कोणाला सांगितलं नव्हतं असं नाही; कोणी विचारलंच नव्हतं. १९८३ मध्ये गोंदियाला एका ऑर्केस्ट्रात ते हवाईयन गिटार वाजवत. भिलाईच्या स्टील प्लांटमध्ये कामाला असलेला एक बंगाली वादक त्यांच्यासोबत असायचा. त्याला नवी घ्यायची होती, त्यानं ही मास्तरांना दिली. साडेपाचशे रुपये आणि धानाचे दोन कट्टे, म्हणजे पोती. गोंदियाहून वडशाला तेव्हा नॅरो गेजची छोटी गाडी होती. मास्तर तीत दारापाशी बसून आले, गिटार मांडीवर, कारण फळीवर ठेवली तर पडेल ही भीती.

भिलाईचा कारखाना सोव्हिएत मदतीनं उभा राहिला. करार १९५५ चा, पहिली भट्टी १९५९ मध्ये पेटली. नंतर कितीतरी वर्षं रशियन इंजिनिअर आणि त्यांची कुटुंबं तिथं राहत. भिलाईला यंत्रं पुरवणाऱ्यांत उरलमाश हा प्रचंड कारखाना होता आणि तो याच स्वेर्दलोव्स्कचा. हे वाचलं तेव्हा अंगावर काटा आला. गिटार नेमकी कोणाच्या सामानातून आली याचा यातून पुरावा होत नाही, तसं मी लिहिणारही नाही. पण गोंदियापासून भिलाई ही मुंबई-हावडा लाइनवरची काही तासांची वाट आहे, आणि त्या काळात परदेशी इलेक्ट्रिक गिटार आपल्या भागात येण्याचे रस्ते बोटांवर मोजण्याइतके होते.

विकण्याचं मीच काढलं, राहवलं नाही. मास्तरांना माहीत नव्हतं. ते पुतण्यावर रागावले नाहीत. ‘‘त्याले वाटलं असेल, मी आता वाजवत नाही.’’

२००६ पासून खरंच वाजवली नव्हती. कीबोर्ड आला, ऑक्टोपॅड आला, कंपन्यांना एका माणसात चार वाद्यं मिळू लागली. त्याबद्दल मास्तर कडू बोलत नाहीत. मला मात्र वाईट वाटतं. तारेला बोट लागताना होणारी ती बारीकशी खरखर कीबोर्डात येत नाही.

१९ ऑक्टोबर

पुतण्याला फोन. जपानी नाही हे सांगितलं, कारणं सांगितली, फोटो पाठवले. गिऱ्हाइकाला खरं कळवायला सांगितलं. सोव्हिएत गिटारींना जमवणारे लोक आहेत, पण भाव जुन्या जपानीपेक्षा बहुधा कमी येतो. तो नाराज झाला. रात्री त्याचा मेसेज: फोटो काढून टाकलाय, मंडईला येतो.

२४ ऑक्टोबर, गुरुवार

मधला पिकअप.

बाकी दोघं मीटरवर जवळजवळ सारखं वाचन देतात. मधला काहीच देत नाही, म्हणजे वेटोळ्यात कुठंतरी तार तुटली. एकाने सल्ला दिला, नागपूरला पाठवून पूर्ण नवीन गुंडाळून घे. ते शेवटी. ही तार केसाहून बारीक असते आणि पुष्कळदा आत नाही, बाहेर निघते त्या टोकाशी तुटते, जिथं जाड वायरीला जोडलेली असते. तिथं घाम, दमट हवा आणि डागाचं ॲसिड वर्षानुवर्षं खात राहतं.

झाकण काढलं. भिंग, दिवा, शिवणाची सुई. बाहेरच्या वेढ्याच्या टोकावर हिरवट ठिपका दिसला. सुईच्या टोकानं अर्धा वेढा सोडवला. श्वास रोखून, कारण फुंकरेनंही तार हलते. टोकावरचा वार्निश ब्लेडनं खरवडला. जोर लावायचा नाही, ब्लेड नुसतं ओढायचं. पंचवीस वॅटचं सोल्डरिंग आयर्न, टोकावर दाण्याएवढा डाग, एका क्षणाचा स्पर्श.

मीटर लावला. आकडा आला आणि स्थिर राहिला. शेजारच्यांना हाक मारून दाखवला. त्यांना त्यात काय दिसणार, पण मला कोणाला तरी दाखवायचं होतं.

मागून जोडलेली ती लाल वायर काढून टाकली. तिच्यामुळेच गुणगुण होती. जाळीची, म्हणजे बाहेरचा आवाज अडवणारी, वायर तुटल्यावर कोणी साधी टाकली होती आणि ती अँटेनासारखी घूं घूं गोळा करत होती. तिथं जाळीवाली घातली.

२६ ऑक्टोबर

दोन जणांनी सांगितलं, पाच पिनचं सॉकेट काढ, भोक मोठं करून पाव इंची जॅक बसव, कटकट मिटेल. ड्रिल हातात घ्यायला पाच मिनिटं लागतात. नाही करणार. मी जे ओळखलं त्यातली निम्मी ओळख त्या सॉकेटनं दिली. ते काढलं तर पुढच्या माणसाला वाचायला काय उरेल?

त्याऐवजी वीतभर जोडवायर केली: एका टोकाला पाच पिनची पिन, दुसऱ्याला पाव इंची सॉकेट. डिनमध्ये मधली पिन बहुतेक जमिनीची असते, पण गृहीत धरलं नाही. मीटरचं एक टोक तारांना, दुसरं एकेका पिनला लावलं. मधलीच वाजली. मग एक तार छेडत बाकीच्यांतून आवाजाची पिन शोधली. पिनांचा नकाशा पुठ्ठ्यावर काढून जोडवायरीला बांधला.

मास्तरांना जुन्या काळी या गिटारीचा दोनदा झटका बसलाय. तारा जमिनीच्या पिनेला जोडलेल्या असतात. जनरेटरवर अर्थिंग नसेल आणि अँप्लिफायर गळत असेल तर तो करंट थेट बोटांत येतो, आणि समोर माइकला ओठ लागला की छातीतून जातो. आता साउंडवाल्याला सांगून ठेवलंय: आधी अर्थिंगसाठी जमिनीत सळई, मीठ, पाणी, मग बाकीचं. याच्यात तडजोड नाही.

२८ ऑक्टोबर, सोमवार

नव्या तारा. ट्रेमोलोची स्प्रिंग शिलाई मशीनच्या तेलात दोन रात्री ठेवून मोकळी केली, बदलली नाही. पाटी बसवली, स्क्रू पुठ्ठ्यावरून एकेक आपापल्या भोकात.

पाटी बंद करण्याआधी एक कागद आत ठेवला. त्यावर लिहिलं: ‘उरल ६५०, स्वेर्दलोव्स्क. १९७७ किंवा नंतर. भिलाईहून १९८३ मध्ये गोंदियात घेतली. माथ्यावरचं कमळ १९९८. पहिलं अक्षर माझ्या हातून पुसलं गेलं, ऑक्टोबर २०२४. मधला पिकअप बाहेरच्या टोकाशी जोडला. लाल वायर काढली. सॉकेट मूळचं.’ खाली मास्तरांना सही करायला लावली. त्यांनी सहीखाली आपल्या हातानं एक ओळ घातली: ‘झाडीत २३ वर्सं वाजली.’ भाताचं फोलपट कागदाच्या घडीत ठेवलं.

५ नोव्हेंबर, मंगळवार. मास्तरांचं गाव

मंडई. दिवसभर दंडार, म्हणजे इथलं लोकनाट्य, जिलेबीची दुकानं, पाळणे. संध्याकाळी मांडवामागं जाऊन सळई स्वतः ठोकली, बादलीभर मिठाचं पाणी ओतलं, अँप्लिफायरच्या बॉडीपासून जमिनीपर्यंत मीटर लावून पाहिलं, मग मास्तरांच्या हातात वायर दिली.

पुतण्या नागपूरहून आला होता. मास्तरांची लोखंडी खुर्ची त्यानंच उचलून कडेला ठेवली, पुसली.

मांडव भरला. पोरं पुढे तट्ट्यांवर, बाया एका बाजूला शालींत गुंडाळून. अनाउन्सरनं सांगितलं, ‘‘नांदीसाठी मास्तर, त्यांच्या प्रसिद्ध जपान गिटारीसह.’’ मी उठून सांगायला जाणार होतो. मास्तरांनी खुर्चीवरून हातानंच थांबवलं.

ऑर्गनवाल्यानं सा धरला. मास्तरांनी डोळे मिटले, तार सायला लावली, आणि स्विच मधल्या पिकअपवर नेला.